मदत हवी आहे: टीव्हीशिवाय मुलगा जेवत नाही आणि माझी सकाळ उरकत नाही

नमस्कार मंडळी,

आम्ही सिंहगड रस्त्याला वडगाव बुद्रुकमध्ये राहतो. मुलगा साडेतीन वर्षांचा. नवऱ्याची नोकरी चाकणला, फर्स्ट शिफ्ट असली की कंपनीच्या बससाठी पाचला घराबाहेर. मी हिंजवडीला, आठवड्यातून तीन दिवस ऑफिस, दोन दिवस घरून. घरात तिसरं मोठं माणूस नाही.

सव्वासहाला मुलगा उठतो, डोळे चोळत सोफ्यावर येतो आणि रिमोट माझ्या हातात देतो. मीही लावते, कारण एका शेगडीवर कुकर असतो, दुसरीवर तवा. पेपा पिगचा एक भाग साधारण पाच मिनिटांचा. आता माझं घड्याळच ते झालंय. डब्याच्या पोळ्यांना चार भाग, आंघोळीला दोन. जेवताना छोटा भीम. घास भरवला की चावतच नाही, गालात धरून पडद्याकडे बघत बसतो. मी ताट घेऊन शेजारी, ‘चाव रे, गिळ रे’ करत. वरणभात सुकून जातो. काय खाल्लं विचारलं तर त्याला सांगता येत नाही. परवा रात्री तो झोपल्यावर आम्ही दोघं दहा मिनिटं कार्टूनच बघत बसलो होतो, बंद करायचं दोघांच्याही लक्षात आलं नाही.

सासूबाई कराडहून आल्या होत्या. रात्री त्याला कुशीत घेऊन चिऊकाऊची गोष्ट सांगत होत्या. काऊचं घर शेणाचं, चिऊचं घर मेणाचं, एवढ्यावर आलं आणि हा म्हणाला, “आजी, हे स्किप कर ना.” त्यांना शब्द कळला नाही. “काय म्हणतोय गं?” मी म्हटलं, “पुढचं सांगा म्हणतोय.” त्यांनी सांगितलं पुढचं. मला मात्र फार लागलं ते.

करून पाहिलं नाही असं नाही. ऑटोप्ले बंद केलं. यूट्यूब किड्समध्ये टायमर असतो, वेळ संपली की ॲप बंद होतं, तोही लावला. ॲप बंद झालं की हा जमिनीवर लोळण घेतो, आणि माझा साडेनऊचा कॉल सुरू झालेला असतो. रिमोट लपवला. तिसऱ्या दिवशी मीच काढून दिला.

इंडियन अ‍ॅकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्सची शिफारस माहीत आहे: २ वर्षांच्या आत अजिबात नको, २ ते ५ वर्षांत दिवसाला जास्तीत जास्त १ तास, तोही मोठ्या माणसाच्या देखरेखीखाली. मी आठवडाभर वहीत वेळ लिहिली. सुटीच्या दिवशी सव्वातीन तास भरले. पण शेजारी बसायला मला वेळ असता तर टीव्ही लावलाच नसता, हे कुणाला सांगू?

आमच्या लहानपणी दूरदर्शनवर बालचित्रवाणीचे कार्यक्रम असायचे, आपल्या पुण्यातच तयार झालेले. (ती संस्था २०१७ साली बंद झाली, याचं मला आजही वाईट वाटतं.) ते ठरल्या वेळी लागायचे आणि संपायचे. पुढे मोठ्यांचं काहीतरी लागलं की आम्ही आपले उठून खेळायला. इथे एक संपायच्या आत दुसरं तयार असतं.

डिसेंबरात एका गुरुवारी दुरुस्तीसाठी सकाळीच लाइट गेली. ओट्यापासून लांब पाट टाकून मी त्याच्यापुढे मटारच्या शेंगा ठेवल्या. पाऊण तास बसला! निम्मे दाणे फरशीवर, बरेचसे तोंडात. मधेच तूपसाखर लावलेली पोळी स्वतःच्या हाताने खाल्ली. शुक्रवारी लाइट होती. त्याने रिमोट मागितलासुद्धा नव्हता, सवयीने मीच टीव्ही लावला. तेव्हापासून सारखं मनात येतं, ही सवय नक्की कुणाची?

म्हणून विचारते. सकाळी घरात एकट्या असणाऱ्या आयांनी, बाबांनी हे कसं सोडवलं? आधी जेवणाची वेळ घेतली की सकाळची? एकदम बंद केलं की एकेक भाग कमी? मटार काही बारा महिने नसतात. या वयाच्या मुलाला स्वयंपाक होईपर्यंत रमेल असं दुसरं काय द्यायचं, तेही गॅसपासून लांब बसवून? कृपया ‘मुलांना वेळ द्या’ एवढंच लिहू नका.

भर, शनिवार रात्र: सगळ्यांचे मनापासून आभार. बहुतेकांनी ‘आधी जेवण’ म्हटलंय, म्हणून आजच सुरुवात केली. टीव्हीवर चादर टाकली आणि तिघं खाली एकत्र जेवायला बसलो. चादर बघून तो आधी घाबरला, मग रडला. पाच घास खाल्ले, मी मोजले. मग पुन्हा रडला आणि बाबाच्या खांद्यावरच झोपला. पोर अर्धपोटी झोपलंय, जीव थाऱ्यावर नाही. मध्यरात्री उठला तर दूध द्यावं, की थोपटून झोपवावं आणि सकाळी नीट खाऊ घालावं? ज्यांनी हे केलंय त्यांनी आजच सांगा, मी जागी आहे.