महाभूनकाशात ओढ्याकाठची पट्टी सरकारी दिसतेय, विकणारे म्हणतात आमचीच. कुणाचं खरं मानू?

रानवाट:
भोर तालुक्यात ३० गुंठे बघितलेत. विकणारे काका बांधावर उभे राहून म्हणाले, "इथून ओढ्यापर्यंत सगळं आपलंच." घरी येऊन महाभूनकाशावर, म्हणजे सरकारच्या ऑनलाइन जमीन-नकाशावर, त्यांचा गट २१४ काढला, तर तो ओढ्याच्या बराच अलीकडे संपतो. मधली पट्टी २१५. तिच्या सातबाऱ्यावर भोगवटादाराच्या जागी 'सरकार', शेजारी 'गुरचरण'. त्या पट्टीत काकांची आंब्याची आठ कलमं उभी आहेत. मोबाइलच्या लोकेशनवरून हद्द पाहायला गेलो, तर एकाच दगडावर उभा असूनही ठिपका इकडेतिकडे सरकतो. नकाशा चुकला असेल का? घरातली सगळी बचत यात जाणार आहे.

जुना मोजणीदार:
दादा, मी भूकरमापक म्हणून नोकरी केली. नकाशा चुकू शकतो. जुन्या कागदी गावनकाशावरून तो संगणकात उतरवला; कागद जिथे आकसला, घडीवर फाटला, तिथली चूक रेषेतही आली. मोबाइल तर मोकळ्या आभाळाखालीसुद्धा पाचेक मीटर चुकतो, म्हणजे ३३ फुटी गुंठ्याची निम्मी रुंदी. म्हणून हद्द फोनवर ठरवू नका.

पण तुमचा प्रश्न हद्दीचा नाहीच. पट्टीला स्वतःचा गट आहे, स्वतःचा सातबारा आहे. रेषा दोन-चार मीटर सरकली म्हणून २१५ चा मालक बदलत नाही.

आता २१४ च्या सातबाऱ्यावरचं क्षेत्र वाचा. ते हेक्टर-आरमध्ये असतं. एक आर म्हणजे गुंठ्याहून किंचित कमी. मग तलाठ्याकडे गाव नमुना १-ब पाहा, गावातल्या सरकारी जमिनी त्यात असतात. शेवटी हद्द कायम मोजणी, म्हणजे सरकारी मोजणीतून जागेवर हद्द ठरवून घेणं. तिचा अर्ज खातेदारानेच करायचा, तेव्हा काकांना करायला लावा. 'क' प्रत, म्हणजे त्या मोजणीचा नकाशा, हातात येईपर्यंत विसार देऊ नका. एवढं माझं ऐकाच.

माळावरची:
गायरानावर, म्हणजे गुरचरणावर, कितीही वर्षांची वहिवाट असली तरी त्यावर विसंबू नका, दादा. सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्येच सगळ्या राज्यांना अशी अतिक्रमणं हटवायला सांगितलंय, आणि जुना ताबा हे कारण चालणार नाही असंही म्हटलंय. कलमं बघून मन ओढतं, हे कळतं मला. आमच्याकडे वेगळंच झालं होतं. सातबाऱ्यावर चार पोटहिस्से, नकाशात मात्र एकच आकृती, कारण पोटहिस्स्यांची मोजणीच कधी झाली नव्हती. आपला हिस्सा रस्त्याकडेचा की मागचा, यावरून दोन चुलते आजही बोलत नाहीत. आणि २१४ वर्ग-१ आहे की वर्ग-२, तेही बघा. वर्ग-२ असेल तर परवानगीशिवाय विकता येत नाही.

रानवाट:
मोजणीदार काका, ताई, खूप आभार. वर्ग-१ आहे. क्षेत्र मात्र ०.२४ हेक्टर, म्हणजे पुरते २४ गुंठेही नाहीत. उरलेले सहा गुंठे ती पट्टीच. विकणाऱ्या काकांना फोन केला. बराच वेळ गप्प राहिले, मग म्हणाले, "कलमं माझ्या वडिलांनी लावली होती." मोजणीचा अर्ज करतो म्हणालेत. व्यवहार झाला तर २१४ च्याच क्षेत्राचा, हे मी त्यांना सांगितलंय.