मदत हवी आहे: गावाच्या मोकळ्या जागांचा आराखडा करायला निधी कुठून मिळेल?

नीरेकाठची

भोर तालुक्यातल्या एका लहान ग्रामपंचायतीची मी सदस्य आहे. गावाचं नाव मुद्दाम देत नाही, नाहीतर येत्या रविवारी आणखी गाड्या यायच्या.

गावामागे सडा, म्हणजे खडकाळ पठार आहे, ओढ्याला पावसाळ्यात धबधबे लागतात. जून लागला की पुण्याची गर्दी सुरू. गाड्या बांधावर चढतात, भाताचा तरवा (कोवळी रोपं) तुडवला जातो, फुटक्या बाटल्यांच्या काचा गुरांच्या खुरात शिरतात. पण पाहुण्यांचं सोडा, गावातल्यांना तरी कुठे जागा आहे? भरतीची तयारी करणारी पोरं पहाटे अंधारात डांबरी रस्त्यावर १६०० मीटर धावतात आणि मागून दुधाचा टेम्पो येतो. मुली ८०० मीटरचा सराव शाळेच्या आवारात गोल फिरून करतात. म्हाताऱ्यांना देवळाचा पार सोडला तर बसायला जागा नाही.

पायवाट कुठून न्यायची, गाड्या कुठे थांबवायच्या, धावायची पट्टी आणि स्वच्छतागृह कुठे, सड्याचा कुठला भाग हातच न लावता सोडायचा, याचा एकत्र आराखडा आधी व्हावा अशी माझी इच्छा. मोजणी, नकाशा, जाणकार माणूस, सगळ्याला पैसे लागतात. आणि घोडं इथेच अडतं. ‘काम’ म्हटलं की निधी निघतो, ‘आराखडा’ म्हटलं की सगळे गप्प. एका पुढाऱ्यांकडे गेलो तर म्हणाले, पेव्हर ब्लॉक सांगा, लगेच टाकू. एका ठेकेदाराने तर कुणी न विचारता धबधब्यापर्यंत काँक्रीटच्या पायऱ्यांचं अंदाजपत्रक करून आणलं!

१५व्या वित्त आयोगातून जे आलं त्यातलं ६० टक्के बंधित, म्हणजे पाणी आणि स्वच्छतेचं. उरलेल्यात दिवे आणि गटारी. नुसत्या आराखड्यासाठी पैसे कुणी देतं का? कुणी केलं असेल तर सांगा.

जुना विस्तार अधिकारी

ताई, निधीच्या आधी सातबारे काढा. सड्याचे गट नंबर घेऊन तलाठ्याकडे बसा. किती वनखात्याचं, किती गायरान, किती खासगी हे कागदावर येऊ द्या. निम्मे आराखडे इथेच बुडतात. गायरानाचा वापर बदलायचा तर जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. वनजमिनीवर साधा ओटा बांधायचा झाला तरी वन अधिनियम आडवा येतो. मात्र २०२३ च्या दुरुस्तीनंतर वनखात्याच्या कार्य आयोजनेत, म्हणजे जंगलाच्या व्यवस्थापनाच्या आराखड्यात, जे निसर्ग पर्यटन धरलेलं असतं त्याला वाट मोकळी झाली आहे. म्हणून वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यांना पहिल्या बैठकीपासून सोबत घ्या. गावात संयुक्त वन व्यवस्थापन समिती, म्हणजे गाव आणि वनखातं मिळून जंगल राखणारी समिती, आहे ना? सिंहगडावर अशीच समिती वाहनांकडून उपद्रव शुल्क घेते. तुमच्याकडेही तसं झालं तर पुढची देखभाल त्यातून निघेल.

आता पैसे. आराखड्यासाठी वेगळी योजना शोधत बसू नका. ग्रामपंचायत विकास आराखड्यात हा विषय ग्रामसभेतून घाला, म्हणजे त्याला सरकारी अस्तित्व येतं. नंतर जिल्हा नियोजन समितीकडे ‘क’ वर्ग, म्हणजे जिल्हा पातळीवरच्या, पर्यटन स्थळाचा प्रस्ताव द्या. तिथे तयार नकाशा असलेल्या गावाचं पारडं जड असतं. खासदार निधीच्या मागे लागू नका. तो टिकाऊ मालमत्तेसाठी आहे, अभ्यासासाठी नाही.

टी-स्क्वेअर

मी वास्तुरचना शिकवतो. आराखडा जवळजवळ फुकटात होऊ शकतो. उन्नत भारत अभियानात असलेल्या कॉलेजांनी गावं दत्तक घेतलेली असतात. तुमच्या जवळच्या कॉलेजाच्या यादीत तुमचं गाव आहे का विचारा, नसेल तर घालायला लावा. ते नाही जमलं तर वास्तुरचना किंवा नगररचना विभागप्रमुखांना पत्र द्या. आम्हाला स्टुडिओसाठी, म्हणजे मुलांच्या आराखड्याच्या प्रात्यक्षिकासाठी, दरवर्षी खरी जागा हवीच असते. पत्र एप्रिलमध्ये गेलं पाहिजे, जुलैत विषय ठरून गेलेले असतात. मुलांच्या राहण्या-जेवणाची सोय गावाने करायची, एवढाच खर्च.

एक सांगून ठेवतो. मुलांची चित्रं देखणी असतात, पण त्यावर तांत्रिक मान्यता मिळत नाही. बांधकामाचा भाग शेवटी जिल्हा परिषदेच्या अभियंत्यांकडून अंदाजपत्रकात उतरवून घ्यावा लागेल. आणि मुलं पावसात एकदा आणि उन्हाळ्यात एकदा अशी दोनदा आली पाहिजेत. सडा मे महिन्यात पाहून गाड्यांची जागा ठरवली की ती हमखास ओढ्याच्या पात्रात येते.

पायवाट

शिरवळ, खेड शिवापूरचे कारखाने लांब नाहीत. कंपनीचा निव्वळ नफा ५ कोटींवर गेला की सीएसआर, म्हणजे समाजकामावर खर्च करायचं बंधन, लागू होतं, मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के. ग्रामीण विकास, स्वच्छता, पर्यावरण सगळं त्यात बसतं आणि मोजणी-नकाशाचा खर्च प्रकल्पाचा भाग म्हणून दाखवता येतो. कंपनी स्वतः करून देऊ शकते. संस्थेमार्फत करायचं तर संस्थेकडे आयकर खात्याची १२ए, ८०जी आणि कंपनी मंत्रालयाची सीएसआर-१ नोंदणी हवी.

पेव्हर ब्लॉकला मात्र हात जोडा. आमच्याकडे गडाच्या वाटेवर टाकले, दुसऱ्या पावसात निम्मे खाली ओढ्यात.

नीरेकाठची

सगळ्यांचे आभार. वन समिती आहे, पण नुसती कागदावर. सातबारे सोमवारी काढते. सर, कॉलेजला पत्र सरपंचांच्या सहीने चालेल की ठराव जोडायचा? सरपंच आणि आमचं सध्या फारसं जमत नाही.

टी-स्क्वेअर

कॉलेजला साधं पत्र पुरतं, पण तुमच्यासाठी ठराव बरा. सरपंच बदलले तरी ठराव राहतो.

जुना विस्तार अधिकारी

१ मेच्या ग्रामसभेत घ्या, पण सर म्हणतात तसं पत्र एप्रिलातच जाऊ द्या, ठराव मागून जोडा. ठरावात गट नंबर लिहा आणि “आराखडा मंजूर होईपर्यंत सड्यावर कोणतेही बांधकाम करू नये” हे वाक्य घाला. त्या पायऱ्यावाल्याला तेवढं पुरेल. महिला ग्रामसभा आदल्या दिवशी असते, विषय तिथूनच पुढे आणा.