शौचावाटे रक्त जात असताना दुर्बिणीऐवजी आधी सीटी अँजिओग्राफी का?

प्रश्न (कृष्णाकाठ):
माझ्या 74 वर्षांच्या वडिलांना परवा रात्री शौचावाटे ताजे लाल रक्त जाऊ लागले. हृदयविकारासाठी त्यांना रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू आहेत. रुग्णालयात पोहोचेपर्यंत नाडी 120 आणि वरचा रक्तदाब 90 झाला होता. क्रिएटिनिन (मूत्रपिंडांचे काम दाखवणारी रक्ततपासणी) 1.7, म्हणजे वाढलेले असूनही डॉक्टरांनी रक्त चढवता चढवता सीटी अँजिओग्राफी (शिरेतून रंगद्रव्य देऊन काढलेली रक्तवाहिन्यांची सीटी चित्रे) करून घेतली आणि अहवालात ‘सक्रिय रक्तस्राव आढळला नाही’ असे आले. मग मूत्रपिंडांना धोका पत्करून ही तपासणी करण्यात काय साधले?

उत्तर (क्ष-किरण):
मी रेडिओलॉजिस्ट आहे. नाडीचा आकडा वरच्या रक्तदाबापेक्षा मोठा होणे हे रुग्ण अस्थिर असल्याचे लक्षण मानतात, आणि अशा वेळी कोलोनोस्कोपीसाठी (गुदमार्गे दुर्बीण घालून मोठे आतडे पाहण्यासाठी) काही लिटर औषध पाजून आतडे साफ होण्याची वाट पाहणे परवडत नाही. सीटी काही मिनिटांत होते. त्यात आधी रंगद्रव्याशिवाय, मग धमनीत रंगद्रव्य असताना आणि शेवटी ते शिरांत उतरल्यावर अशा तीन फेऱ्यांत चित्रे घेतात. धमनीच्या फेरीत आतड्याच्या पोकळीत दिसलेला पांढरा ठिपका पुढच्या फेरीत पसरला, तर ते वाहते रक्त. पहिली फेरी टाळून चालत नाही, कारण न विरघळलेली गोळीसुद्धा तशीच पांढरी दिसते. मिनिटाला साधारण 0.3 ते 0.5 मिलिलिटर रक्त जात असले तरी ते टिपता येते. ठिकाण सापडले, की कॅथेटरने (रक्तवाहिनीतून सरकवलेल्या बारीक नळीने) तिथवर जाऊन कॉइलने (धातूच्या बारीक वेटोळ्याने) ती रक्तवाहिनी बंद करतात. हे शक्यतो 90 मिनिटांत व्हावे, अशी 2023 च्या अमेरिकन मार्गदर्शक सूचनांची अपेक्षा आहे. तुमच्या वडिलांच्या बाबतीत काही दिसले नाही, याचा अर्थ बहुधा त्या घडीला रक्त थांबले होते किंवा फार मंद झाले होते. अशा वेळी कॅथेटर घालूनही काही हाती लागण्याची शक्यता कमी असते, म्हणजे ती खटपट वाचली.

उत्तर (जठरमार्ग):
एक भर घालतो. इतक्या जोराच्या रक्तस्रावाचे मूळ कधीकधी जठरात किंवा लहान आतड्याच्या सुरुवातीला असते, म्हणून सीटी कोरी आली की लगेच तोंडावाटे दुर्बीण घालून पाहावे. क्रिएटिनिनचे म्हणाल, तर रक्तदाब कोसळलेला राहणे हेच मूत्रपिंडांना अधिक घातक असते. रुग्ण स्थिर असता, तर मात्र मीही सीटीची घाई केली नसती.

कृष्णाकाठ:
आभारी आहे. तोंडावाटे केलेली तपासणी निर्दोष निघाली. काल कोलोनोस्कोपीत मोठ्या आतड्याच्या भिंतीत छोट्या पिशव्या, म्हणजे डायव्हर्टिक्युला, दिसल्या, पण रक्तस्राव थांबलेला होता. पुन्हा रक्त गेले, तर सीटी परत करावी लागेल का?

उत्तर (क्ष-किरण):
जोराने गेले आणि चक्कर किंवा घाम आला, तर होय. आणि सकाळ होण्याची वाट न पाहता, रक्त चालू असतानाच रुग्णालय गाठावे. पहिल्या सीटीची सीडी सोबत न्यावी. रक्तवाहिन्यांची रचना आधीच ठाऊक असली की कॅथेटर घालणाऱ्याचा वेळ वाचतो. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या मात्र हृदयरोगतज्ज्ञांना विचारल्याशिवाय स्वतःहून बंद करू नयेत.