शब्दचर्चा : ‘उचलेगिरी’ की ‘कित्ता’?

प्रश्न : कोल्हापूरच्या रंकाळा तलावातील संध्यामठाचे एक छायाचित्र मला फार आवडले. मग त्याच कोनातून, तशाच पहाटेच्या धुक्यात मी ते पुन्हा टिपले. एका ज्येष्ठ छायाचित्रकारांनी त्याला ‘उचलेगिरी’ म्हटले. ‘अनुकरण’ म्हणणे योग्य ठरले नसते का?

उत्तर : ‘उचल्या’ म्हणजे मालकाच्या नकळत वस्तू लांबवणारा, त्यामुळे ‘उचलेगिरी’त लपवाछपवी गृहीतच आहे. ‘नक्कल’ हा अरबीतून आलेला शब्द मुळात एवढा वाईट नाही, कारण सातबाऱ्याची नक्कल आपण कचेरीतून रीतसर मागून आणतो आणि ती नक्कल आहे हे कोणी लपवत नाही. गाण्यात तर ‘उचलणे’ ही शाबासकी ठरते. उस्ताद अल्लादिया खाँ ज्या कोल्हापूर दरबारी गायले, तिथे ‘शिष्याने गुरूची जागा (म्हणजे गाण्यातले खास स्वरवळण) नेमकी उचलली’ असे म्हटले की ती जागा कोणाची, हे मैफलीतल्या जाणकारांना ठाऊक असते.

छायाचित्राखाली मात्र एकच नाव असते, आणि खरी अडचण तिथे आहे. संध्यामठ कोणाच्या मालकीचा विषय नाही; कल्पनेला नव्हे, तर तिच्या विशिष्ट मांडणीला कॉपीराइटचे संरक्षण मिळते, असे सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये सांगितलेच आहे. परंतु मांडणीही उचलता येते. कृष्णधवल लंडनमधील एकट्या लाल बसच्या चित्राबाबत तिथल्या न्यायालयाने २०१२ मध्ये, तसेच चित्र बनवणाऱ्या दुसऱ्या पक्षाने स्वतंत्रपणे टिपलेली छायाचित्रे वापरलेली असतानाही, हक्कभंग झाल्याचे मान्य केले.

म्हणून ‘अनुकरण’ हा शब्द मला इथे फार मोघम वाटतो. त्याऐवजी ‘कित्ता गिरवणे’ म्हणावे. वळणदार अक्षराचा नमुना समोर ठेवून त्यावरून हात फिरवणाऱ्या मुलाला कोणी चोर म्हणत नाही, कारण कित्ता दुसऱ्याचा आहे हे वहीतच दिसते. प्रकाश आणि चौकट शिकण्याचा याहून चांगला मार्ग मला माहीत नाही. प्रदर्शनात लावायचे असल्यास ‘अमुक यांच्या छायाचित्रावरून’ असे लिहावे. त्यातील ‘वरून’ हे साधे शब्दयोगी अव्यय ऋण पुरेसे मान्य करते.

पुरवणी प्रश्न : मी ते स्पर्धेला पाठवले होते, आणि मूळ नाव दिले नव्हते.

उत्तर : मग त्या ज्येष्ठांचा शब्द अचूक आहे. आयोजकांना कळवून प्रवेशिका मागे घ्यावी, आणि मूळ छायाचित्रकारांना स्वतः जाऊन भेटावे.