'लवाद' म्हणजे माणूस, मंडळ की कोर्ट?

कोथरूडची अनुवादिका
आमच्या सोसायटीच्या पुनर्विकास कराराचा मराठी मसुदा करताना मी 'उभयतांमधील वाद एकमेव लवादाकडे सोपवला जाईल व त्याचा निवाडा बंधनकारक राहील' असे लिहिले. सचिवांनी 'लवादा'वर लाल रेघ ओढून वर 'मध्यस्थ' लिहिले आहे. त्यांच्या मते लवाद म्हणजे पर्यावरणाचे दावे ऐकणारा हरित लवाद, ज्याचे पीठ पुण्यातच आहे, आणि सरकारी कोर्टाच्या कल्पनेने सभासद बिचकतील. मी चुकले आहे का?

शिवाजीनगर कोर्टातला वकील
ताई, आपलाच शब्द ठेवावा. मध्यस्थ दोन्ही बाजूंना समोरासमोर बसवतो आणि तडजोड जमली नाही तर उठून जातो. लवाद मात्र निवाडा देतो, तो 1996 च्या लवादविषयक कायद्यानुसार दिवाणी कोर्टाच्या हुकूमनाम्यासारखा बजावता येतो आणि कलम 34 मधल्या मोजक्या कारणांवाचून रद्द होत नाही. गोंधळाचे मूळ मला हिंदीत दिसते. या कायद्याचे हिंदी नाव 'माध्यस्थम् और सुलह अधिनियम' असे असल्याने हिंदी प्रत शेजारी ठेवून लिहिणाऱ्याच्या लेखणीतून 'मध्यस्थ' हमखास उतरतो.

पेठेतला जुना वाचक
सचिवांना अगदीच मोडीत काढू नये. वर्तमानपत्रांनीच न्यायाधिकरणाला लवाद म्हणण्याची सवय लावली. कृष्णा पाणी तंटा लवाद हे त्याचे ठळक उदाहरण. आमच्या घरच्या वाटणीपत्रात मात्र 'लवाद नेमिले' असे दोन गृहस्थांच्या नावांपुढे आहे, म्हणजे तिथे लवाद हा माणूसच. सार्वजनिक सभेने 1870 च्या दशकात पुण्यात लवाद कोर्टे काढली, त्यात सार्वजनिक काकांसारखा वकील पुढे होता, म्हणजे हा शब्द आपल्या गावाला नवा नाही. माझ्या समजुतीप्रमाणे ज्याच्यापुढे वाद लवतो तो लवाद.

वकील
ही व्युत्पत्ती ऐकायला गोड आहे, पण तिला पुरावा हवा.

मराठीचा कैवारी
इतका घोळ असेल तर सरळ 'पंच' लिहावे. पाच मुखी परमेश्वर म्हणणाऱ्यांना तो समजावून सांगावा लागत नाही.

वकील
आज पंच म्हटले की पंचनाम्यावर सही करणारा तरी आठवतो, नाहीतर क्रिकेटचा. लवादांची संख्या सम नसावी असे कलम 10 सांगते, तेव्हा पाचाला हरकत नाही. पण पाचांची फी कोण देणार?

पेठेतला जुना वाचक
पेशवाईत पंचायतीपुढे जाण्याआधी दोन्ही पक्ष 'निकाल मान्य राहील' असा राजीनामा लिहून देत आणि हरणाऱ्याकडून यजितखत, म्हणजे हार कबूल असल्याचा कागद, घेतले जाई. राजीनामा म्हणजे राजी असल्याचा कागद. आजचा कायदा लवादाचा करार लेखी मागतो, तो याहून वेगळा काय आहे? त्याला राजीनामाच म्हणावे.

मराठीचा कैवारी
म्हणजे कार्यकारिणी पायउतार झाली असे समजून सभासद पेढे वाटतील. त्यापेक्षा 'संमतिपत्र' बरे.

पेठेतला जुना वाचक
'संमतिपत्र' पुनर्विकासात आधीच अडकलेले आहे, बिल्डर ते दारोदार गोळा करतो. आणि 'लवणे' मी अजून सोडलेले नाही.

कोथरूडची अनुवादिका
सभा रविवारी आहे. पुढच्याच कलमात, एकावर एकमत न झाल्यास तिघांना नेमण्याची तरतूद आहे. तिथे मी 'तीन लवाद' लिहिले तर सचिवांना तीन कोर्टे दिसतील. 'लवाद मंडळ' चालेल का?