समलिंगी हक्क: रस्त्यावर मिळाले की न्यायालयात?

गिरगावकर (धागाकर्ता): परवा आमच्या वाचनालयात एका ज्येष्ठ सदस्यांनी मत मांडले, की समलिंगी व्यक्तींना जे मिळाले ते न्यायालयाने दिले, मोर्चे ही केवळ हौस. हे मला मुळीच मान्य नाही. १६ ऑगस्ट २००८ रोजी ऑगस्ट क्रांती मैदानापासून गिरगाव चौपाटीपर्यंत जो मोर्चा निघाला, त्यात मी होतो. ज्या मैदानावरून १९४२ साली इंग्रजांना ‘चले जाव’ बजावले गेले, तिथूनच त्यांनी १८६० च्या दंडसंहितेत घातलेले, समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारे कलम ३७७ रद्द करा, असे म्हणणे आम्हांला उचित वाटले. माझ्या तोंडावर पुठ्ठ्याचा मुखवटा होता. दमट हवेने तो ओठांपाशी मऊ पडला, रंग गालाला लागला, तरी वाळूवर पाय पडेपर्यंत मी तो काढला नाही, कारण वाटेत कार्यालयातले कोणी भेटेल अशी धास्ती होती. शेजारून साठीचे एक गृहस्थ मात्र उघड्या चेहऱ्याने चालत होते. आपल्यासारख्या माणसाला त्या वयापर्यंत असे जगता येते, हे मला त्या दिवशी प्रथम कळले.

पारिजात: आपला अनुभव मी नाकारत नाही, निष्कर्ष मात्र पटत नाही. एड्सविरोधी काम करणाऱ्या नाझ फाउंडेशन या संस्थेची या कलमाविरुद्धची याचिका २००१ सालची, म्हणजे आपल्या मोर्चाच्या सात वर्षे आधीची; त्यावर दिल्ली उच्च न्यायालयाने २ जुलै २००९ रोजी, प्रौढांमधील संमतीचे समलिंगी संबंध गुन्हा नाहीत, असा निकाल दिला. पुढे मोर्चे निघत राहिले, तरी ११ डिसेंबर २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो फिरवलाच. वाट मोकळी झाली ती खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवणाऱ्या २४ ऑगस्ट २०१७ च्या निकालाने, आणि मग सर्वोच्च न्यायालयानेच असे संबंध गुन्हा नाहीत असे सांगितले, तो ६ सप्टेंबर २०१८ चा दिवस उजाडला. शिवाय रस्त्यावर यायचेच तर शिस्तीने यावे. अमेरिकेत फिलाडेल्फियाला १९६५ ते १९६९ या काळात दर ४ जुलैला समलिंगी हक्कांसाठी निदर्शने होत, तेव्हा पुरुषांनी कोट-टाय घालूनच यावे असा दंडक होता. भडक पोशाखांमुळे सहानुभूती असलेला माणूसही दुरावतो.

सांताक्रूझची शिक्षिका: पारिजातताई, त्या निदर्शनांमागच्या फ्रँक कॅमेनी यांचे उदाहरण तुमच्याच विरुद्ध जाते. खगोलशास्त्रज्ञ असलेल्या या माणसाला १९५७ साली समलिंगी म्हणून सरकारी नोकरीतून काढले. त्यांनी आधी न्यायालयाचेच दार ठोठावले होते. १९६१ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने त्यांचे प्रकरण ऐकायलाही नकार दिला. त्यानंतरच, १९६५ साली, ते फलक घेऊन व्हाइट हाउससमोर उभे राहिले. नोकरीला आम्ही लायक आहोत हे दाखवायचे असल्याने कोट हवा होता, हे मी समजू शकते. पण जून १९६९ मध्ये न्यूयॉर्कच्या स्टोनवॉल या समलिंगी लोकांच्या बारवर पोलिसांची धाड पडली, तेव्हा प्रतिकार करणाऱ्यांत घरातून हाकललेली, रस्त्यावर राहणारी मुलेही होती. त्यांनी कोट कुठून आणायचा होता?

गिरगावकर: २०१३ चे निकालपत्र पुन्हा पाहावे, ही विनंती. असे लोक म्हणजे लोकसंख्येचा अत्यल्प अंश, आणि दीडशे वर्षांत दोनशेहून कमी जणांवर खटले झाले, असा मुद्दा त्यात आहे. लपून राहिलेल्या माणसांची मोजदाद न्यायालयाने तरी कशी करावी? २००१ ची याचिका एका संस्थेच्या नावावर होती. २०१६ साली नर्तक नवतेज जोहर आणि इतर चौघे स्वतःच्या नावाने, या कलमाची झळ आम्हांलाच बसते असे सांगत, न्यायालयात गेले. उघड नाव सांगण्याचा हा धीर मुखवटे हळूहळू उतरत गेले त्या रस्त्यांवरच जमला, असे मी ठामपणे मानतो.

पारिजात: नावांचा मुद्दा मी या बाजूने पाहिला नव्हता, तो मान्य करते. पोशाखाबद्दलचे मत मात्र कायम आहे. १७ ऑक्टोबर २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी विवाहाचा प्रश्न कायदेमंडळाकडे सोपवला, तेव्हा आता आपल्या खासदारांना रीतसर निवेदन द्यावे, असे मला वाटते.

गिरगावकर: जरूर द्यावे, आणि मसुदा आपणच करावा. शनिवारी दुपारी वाचनालयात येऊन मी पूर्ण नावाने सही करीन.