मदत हवी आहे: निवेदक आणि लेखक यांतला फरक मुलांना कसा समजवावा?

नमस्कार मंडळी,

बारावीच्या काही मुलांसोबत मी कथा-कादंबऱ्या वाचते. पात्र, कथानक, संघर्ष, वातावरण इथपर्यंत गाडी नीट येते. अडते ती निवेदकापाशी, म्हणजे गोष्ट सांगणाऱ्यापाशी. गोष्टीत ‘मी’ दिसला की मुलं त्याला लेखकच समजतात.

हरी नारायण आपट्यांच्या ‘पण लक्षात कोण घेतो?’ने बरंच काम झालं. लिहिणारा पुरुष, पण बालपणापासून वैधव्यापर्यंतचं सगळं नायिका यमू स्वतः सांगते. फरक लगेच पटला. पण भालचंद्र नेमाड्यांच्या 1963 च्या ‘कोसला’ कादंबरीपाशी आलो की पुन्हा घोळ. त्यातला ‘मी’, पांडुरंग सांगवीकर, खानदेशातून पुण्यात शिकायला येतो, नेमाडेही तसेच आले. मग पांडुरंगचं प्रत्येक मत नेमाड्यांच्या नावावर टाकून मुलं मोकळी! पांडुरंग कुठे फुगवून सांगतो, कुठे टाळतो, हे शोधण्यातच तर खरी गंमत आहे, आणि नेमकी तीच निसटते.

तृतीयपुरुषी निवेदनातही (‘तो’, ‘ती’ म्हणत सांगितलेल्या गोष्टीत) असंच. ‘आईला अपमान सहन झाला नाही’ इथे निवेदक आईच्या मनात शिरलाय. ‘आईने ताट जरा जोरातच ठेवलं, बंडू गप्प जेवू लागला’ इथे आपण बंडूसोबत बसून बघतोय. हे मुलांना कसं दाखवता?

शिकवणाऱ्यांनी अनुभव सांगावेत. निवेदकावर पुरता विश्वास ठेवता येणार नाही अशा छोट्या मराठी कथाही सुचवा, ग्रामीण किंवा दलित साहित्यातल्या असतील तर फारच बरं. व्याख्या नकोत, त्या मुलांना पाठ आहेत.